आधी हॅलो कोणी म्हणायचं

मोहिनी आहेरला सरळ सवत असती तर बरं झालं असतं. सवतीशी भांडता येतं, तिच्या झिंज्या उपटता येतात, निदान माहेरी जाऊन तिच्या नावाने बोटं मोडता येतात. पण दर रविवारी सकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर उगवणाऱ्या, साठी उलटलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बोलणाऱ्या आणि वर लाहोरला राहणाऱ्या बाईचं करायचं काय?

बाईचं नाव डॉक्टर नुसरत चीमा. ही औषधं देणारी डॉक्टर नव्हे, अणुभट्ट्यांची. मोहिनीचे यजमान कुंदनराव हेही त्यातलेच. त्यांची उभी हयात अणुवीज केंद्रांची सुरक्षा बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी नाशकात पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउस घेतलं, आणि मोहिनीला वाटलं, चला, आता तरी हा माणूस आपला. सुरुवातीला तसा तो होताही. रविवारी दोघं मिसळ खायला जायची, वरून तर्री मागून घ्यायची आणि घरी येऊन पंखा लावून झोपायची. मग ही चीमा आली आणि मिसळ बंद झाली. मोहिनीने तिचं नाव चिमणाबाई ठेवलं, अर्थात मनातल्या मनात.

चिमणाबाई आणि कुंदनराव काय बोलायचे ते इथेच सांगून टाकायला हवं, कारण मोहिनीला ते कोणी सांगितलं नाही आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. दोन्ही देशांची सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती. बोलायची सोयच उरली नव्हती. जो आधी तोंड उघडेल त्याला त्याच्याच घरचे फाडून खाणार. अशा वेळी दोन्हीकडची निवृत्त माणसं आपापसांत गुपचूप बोलतात. सरकारं तिकडे काणाडोळा करतात, आणि त्यातून काही चांगलं निघालंच तर आपलं म्हणून पुढे करतात. या दोघांकडे असंच एक छोटं काम होतं. इकडच्या किंवा तिकडच्या अणुवीज केंद्रात काही बिघडलं, तर पलीकडे लगेच कोणी, कोणत्या फोनवर, काय सांगायचं, एवढं पक्कं करायचं. त्यात बॉम्बचा विषय नव्हता की सीमेचा नव्हता. पावसाळ्यात वारा तिकडून इकडे येतो आणि हिवाळ्यात इकडून तिकडे जातो, म्हणून हा फोन दोघांनाही हवा होता. फेब्रुवारीत काठमांडूला भेटून मसुदा पुरा करायचा आणि मग आपापल्याकडच्या वजनदार माणसांच्या हाती द्यायचा, असं ठरत आलं होतं. अट एकच होती. दिल्लीतल्या ज्या जुन्या साहेबांनी कुंदनरावांना यात ओढलं, त्यांनी ती स्वच्छ सांगितली होती.

"आहेर, नाव बाहेर आलं की संपलं. मग आम्ही तुम्हाला ओळखत नाही."

कुंदनरावांनी ही अट इतकी पाळली की बायकोलाही काही सांगितलं नाही. हे गुपित आहे एवढंसुद्धा नाही. ऑफिसचं घरी आणायचं नाही, ही त्यांची नोकरीतली शिस्त, आणि हाडात मुरलेली शिस्त निवृत्तीने सुटत नाही. मोहिनीने विचारलं तर ते म्हणायचे, "जुन्या कामाचं आहे गं थोडं." एवढ्यावर कुठल्या बाईचं समाधान होतं?

त्यात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही, नुसता ओटा. मोहिनी मनमाडला रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, सगळ्या मुलखाची हिंदी तिच्या कानावरून गेलेली, त्यामुळे शब्द तिला कळायचे. शब्दांमागचं काही कळायचं नाही. एका वाक्यावर दोघं महिनाभर अडून बसलेली तिने ऐकली. ते वाक्य समोरच्याला मान्य होतं, घोडं अडलं होतं ते आपापल्या घरी. आमच्या केंद्रात अपघात होऊ शकतो असं लेखी दिलं, तर लाहोरच्या टीव्हीवर विरोधक म्हणणार, देश विकला. आणि नेमकं तेच इकडचे विरोधक म्हणणार.

एका रात्री जेवताना कुंदनराव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "समोरच्याला पटवणं सोपं असतं, मोहिनी. अवघड असतात ते आपलेच लोक."

"म्हणजे मी का?" मोहिनी फणकारली.

"तुझं काय मध्येच?" ते म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली. मोहिनीचं जेवण तिथेच संपलं.

एका रविवारी तर कहर झाला. ती तव्यावर भाकरी टाकत होती आणि हॉलमधून कुंदनरावांचा आवाज आला, "हॅलो." पडद्यातून चिमणाबाई म्हणाली, "हॅलो." मग दोघंही एकदम म्हणाली, "हॅलो!" आणि जी हसायला लागली ती थांबेचनात. कुंदनरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. भाकरी करपली, पण मोहिनीला वास आला नाही. हा माणूस आपल्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा असा हसलेला नाही, हे तिला लख्ख आठवलं. साठी-सत्तरीच्या माणसांनी एकमेकांना हॅलो हॅलो करून खिदळायचं म्हणजे काय?

हसण्याचंही तिने एक वेळ सोडून दिलं असतं. पण पुढच्या रविवारी ती बाई पडद्यावर आली आणि म्हणाली, "कसं काय शे, आहेर साहब?" मोहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. कुंदनराव सटाण्याकडचे. अहिराणी त्यांच्या आईची भाषा. सासूबाई गेल्यावर ती या घरात कोणी बोललं नव्हतं. मोहिनीला ती धड येत नव्हती, नव्या नवरीपणी एकदा बोलायला गेली तर नणंदा हसल्या होत्या, आणि तेव्हा या गृहस्थांनी "राहू दे, तुला नाही जमायचं" म्हटलं होतं. लाहोरच्या बाईला मात्र शिकवलं!

आणि त्याच दिवशी तिने ते ऐकलं. कुंदनराव हळू आवाजात सांगत होते की फार वर्षांपूर्वी एका रात्रपाळीत धोक्याची घंटा वाजली होती. घंटा खोटी होती, पण ते कळेपर्यंत त्यांचे हात असे कापत होते की त्यांना फोनचा नंबर फिरवता येईना. हा फोन मला का हवा आहे ते तुम्हाला आता कळेल, असं ते म्हणाले. चिमणाबाईने फक्त मान हलवली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की मोहिनीला बघवलं नाही.

ती सकाळ मोहिनीला आठवत होती. हे कधी नव्हे ते उशिरा घरी आले, कपभर चहा प्यायले आणि कूस बदलून झोपले. तिने विचारलं तर म्हणाले, "काही नाही, काम होतं." तिने अंगावर चादर घातली. कापून थकलेल्या हातांवर चादर घातली आणि तिला ते माहीत नव्हतं. शत्रूच्या देशातल्या बाईला मात्र आता माहीत होतं. मोहिनीला मत्सर वाटला. त्याला दुसरा शब्द नाही. चिमणाबाईचं रूप, शिक्षण, इंग्रजी सगळं तिला खुशाल ठेवून घेऊ दे. ते कापणारे हात माझे होते, असं तिला वाटलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

डिसेंबरात कुंदनरावांनी आणखी एक केलं. ते ओट्याशी येऊन म्हणाले, "मोहिनी, चिवडा करशील का जरा जास्त? फेब्रुवारीत बाहेर जायचंय. तेव्हा पुन्हा करावा लागेल, आत्ता करून बघ तिखट कसं होतंय ते."

"कोणाला न्यायचाय?"

"आहेत तिकडे एक-दोघं."

"तिखट चालतं का त्यांना?"

"तिला चालतं," कुंदनराव म्हणाले आणि पेपर घेऊन गेले. एक-दोघांची एकच 'ती' झाली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मोहिनीने चिवडा केला. हिरव्या मिरच्या इतक्या घातल्या की फोडणीच्या ठसक्याने शेजारचं कुत्रं शिंकलं.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. मागच्या गल्लीतल्या दीपमालाकडे हळदीकुंकू होतं. एरवी तिच्याकडे आठ-दहा सवाष्णी यायच्या. या वर्षी दारात मांडव आणि चपलांचा ढीग. दीपमालाचा नवरा रवी महापालिकेला उभा होता. कित्येक वर्षांनी निवडणूक लागली होती, त्यामुळे लक्ष्मीच्या घटासमोर भक्तीपेक्षा गर्दी जास्त होती. पोथी झाली, आरती झाली, केळं आणि पेढा हातात आला, आणि मग उखाण्यांचा गलका सुरू झाला.

"मोहिनीकाकूंनी घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही," दीपमाला म्हणाली.

मोहिनी उखाण्यांसाठी प्रसिद्ध होती. जिथल्या तिथे जुळवायची. बायका गोळा झाल्या, दोघी-तिघींनी मोबाइल वर धरले. मोहिनीच्या जिभेवर दुसरं काही नव्हतंच. महिनोन्महिने जे पोटात उकळत होतं ते यमक घेऊन बाहेर आलं.

"नाशिकची द्राक्षं आंबट, लाहोरची बोरं गोड,
कुंदनरावांना लागली बाई सीमेपल्याडची ओढ!"

असा हशा पिकला की घटावरचा नारळ हलला म्हणतात. "म्हणजे काय हो काकू?" एकीने विचारलं. तिथे मोहिनीने गप्प बसायचं की नाही? पण इतक्या दिवसांत तिचं दुखणं विचारणारं हे पहिलंच माणूस होतं.

"मग काय तर! दर रविवारी लॅपटॉपवर हजर. नुसरत नाव तिचं. आमच्याकडे मिसळ बंद आणि तिच्यासाठी चिवडा चालू."

बायका पुन्हा हसल्या. मोहिनीही हसली. घरी जाताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

शनिवारपर्यंत तो उखाणा प्रभागातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. रवीच्या विरोधातल्या पोरांनी त्या व्हिडिओमागे ढोल लावले होते आणि खाली लिहिलं होतं, 'लाहोरचा जावई कोणाच्या मांडवात?' एका यूट्यूबवाल्याने कुंदनरावांची नोकरी शोधून काढली आणि मग गंमत उरली नाही. अणुवीज, लाहोर, दर रविवार. ही तीन एकत्र आली की लोकांना आणखी काही लागत नाही. तिथून ते वर गेलं, आणि वरून पलीकडे.

रविवारी लॅपटॉप उघडला गेला नाही. दिल्लीहून फोन आला. मोहिनीला स्वयंपाकघरातून इकडचं तेवढं ऐकू येत होतं.

"हो सर... हो, कळलं... काठमांडू रद्द, हो... नाही सर, तुमच्या ऑफिसातून नाही." कुंदनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "घरूनच गेलं."

त्यांनी फोन ठेवला. मोहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. काहीतरी मोठं मोडलंय एवढं तिला कळलं होतं. "अहो, मला काय माहीत असं होईल म्हणून. बोला की. शिव्या तरी घाला."

"कशाला? तुला कुठे काय माहीत होतं," कुंदनराव म्हणाले. ते चिडले नव्हते, उलट अगदी समजूतदारपणे बोलले. तिला ते जास्त लागलं.

त्याच दुपारी रवी आला. मागे पाच-सहा कार्यकर्ते, शिवाय डोळे सुजलेली दीपमाला. रवीचा चेहरा उतरला होता. उखाणा त्याच्या मांडवात झाला होता आणि मतदान जवळ आलं होतं.

"काका, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही," तो म्हणाला. "पण माझं तिकीट जाईल हो. एक छोटा व्हिडिओ करून टाका. त्या बाईशी संबंध नाही म्हणायचं, झालं."

"आणि नाही केला तर?"

"तर उद्या ते विरोधातले लोक तुमच्या दारात घोषणा द्यायला येतील. आणि लाज वाटून सांगतो, मलाही त्यांच्यात उभं राहावं लागेल." मग त्याने खिशातून मोबाइल काढला. "आणि तुम्ही कशाला मन मोठं करता? हे बघा. त्या बाईने तर सांगूनपण टाकलं."

लाहोरच्या कुठल्याशा चॅनलचा तुकडा होता. चिमणाबाई घराच्या पायरीवर उभी होती. समोर माइक, आजूबाजूला तिच्याच घरचे असावेत असे दोन तरुण. चष्मा आज नाकाच्या शेंड्यावर नव्हता, नीट वर होता. आहेर नावाच्या कोणत्याही भारतीयाला मी ओळखत नाही, असं ती उर्दूत म्हणाली आणि आत गेली. तिच्यामागे दार कोणीतरी दुसऱ्यानेच लावलं.

कुंदनरावांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मोहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आपल्याकडे हे असं कधी बघतील का, हा विचार अशा वेळीही तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच चीड आली.

"घ्या," कुंदनराव म्हणाले. "करा चालू."

पोरांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, मागे गणपतीची तसबीर येईल असं. दीपमालाने टीपॉय आवरला. त्यावर चिवड्याचा डबा होता. पोरांनी तो उघडून बशीत ओतून घेतला आणि हायहुय करत खायला सुरुवात केली.

"माझं नाव कुंदन आहेर," ते म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. "डॉक्टर नुसरत चीमा नावाच्या कोणत्याही बाईंशी माझा काहीही संबंध नाही. पूर्वी नव्हता, यापुढे असणार नाही."

कितीतरी महिने मोहिनी हेच वाक्य ऐकायला तरसली होती. हेच, याच आवाजात, याच हॉलमध्ये. आता ते ऐकताना तिला वाटलं, कोणीतरी उठून यांचं तोंड धरावं. पण तिच्याने जागचं हलवेना.

"एक नंबर, काका!" रवीचा जीव भांड्यात पडला. मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. "काकू, तुम्हीपण एक उखाणा घ्या ना. देशाचा, तिरंग्याचा, काहीतरी जोरदार. पहिला उखाणा धुऊन निघेल बघा."

सगळे मोबाइल तिच्याकडे वळले. मोहिनीने कुंदनरावांकडे बघितलं.

"घे की, मोहिनी," ते म्हणाले. "दिल्ली तुझंच ऐकते आणि लाहोरही तुझंच ऐकतं. आम्ही दोघं वर्षभर घसा कोरडा करत होतो."

तिला एक ओळ सुचली, तिरंग्याचीच. तिच्यापुढे नवऱ्याचं नाव जोडायचं होतं आणि ते नाव तोंडातून फुटेना. "मला नाही सुचत आता," एवढं म्हणून ती आत गेली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली. उखाण्यावाचूनच ते लोक गेले. डबा रिकामा झाला होता.

घर शांत झाल्यावर कुंदनराव ओट्याच्या पलीकडे येऊन उभे राहिले. त्यांनी एक स्टूल ओढलं.

"बस," ते म्हणाले. "आता तुला सांगायला हरकत नाही. आता त्यात काही राहिलं नाही."

आणि त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, सगळं. तो फोन, पावसाळ्याचा वारा आणि हिवाळ्याचा वारा, दिल्लीचे साहेब, काठमांडू. त्या रात्रीची घंटाही सांगितली, हात कापल्याचंही. मोहिनी कान देऊन ऐकत होती. हेच तर तिला हवं होतं, आयुष्यभर हवं होतं. पण त्यांचे डोळे मधूनमधून बंद लॅपटॉपकडे जात होते. आपल्याला जे मिळतंय ते दुसरीकडचं उरलेलं आहे, हे तिला कळत होतं आणि तरी ते सोडवत नव्हतं.

"शेवटी कशावर अडलं माहीत आहे?" कुंदनराव म्हणाले. "फोन लागला की आधी हॅलो कोणी म्हणायचं यावर. खरंच. आधी बोलेल तो घाबरला, तो नमला, असं घरचे लोक म्हणणार. त्यांचेही आणि आपलेही. तीन रविवार गेले त्यात. मग नुसरतबाई म्हणाल्या, आहेर साहब, असं लिहू या की दोघांनी एकदम हॅलो म्हणायचं. आणि आम्ही करून बघितलं, एकदम म्हणता येतं का."

एवढं बोलून ते थांबले. भिंतीकडे बघत, ओठ किंचित विलग करून थांबले.

मोहिनी पुढचं ऐकायची वाट बघत राहिली. ते का थांबलेत ते तिला जरा उशिरा उमगलं. इथे हसायचं होतं. चिमणाबाई इथे हसली असती.

मग ती हसली. पण तोवर कुंदनरावांनी मान खाली घातली होती आणि पुढचं वाक्य सुरू केलं होतं.